दोघांपुरतं बदक

सोबतीला कुणी मिळालं, तर फोल्कमारचं वर्षाचं बदक चुकणार नव्हतं. गल्लीतल्या खानावळीत नोव्हेंबरच्या सणाला अख्खं बदक भाजून देत, पण फक्त दोघांसाठी. आणि बायको तर एप्रिलमध्येच गेलेली. म्हणून त्याने वरच्या मजल्यावरच्या हिल्ट्रूडबाईंची बेल वाजवली.

बाईंनी लाल कोबी आणि बटाट्याचे गोळे तेवढे खाल्ले. दोन्ही तंगड्या आपसूक फोल्कमारच्या ताटात आल्या. वेट्रेसने नेहमीप्रमाणे विचारलं, “बिल एकत्र की वेगवेगळं?”

“वेगवेगळं,” तो लगेच म्हणाला.

बाईंनी अर्ध्या बदकाचे पैसे निमूट मोजले. मग मात्र त्यालाच राहवेना. “काय हो, बदक आवडलं नाही?”

 

“मांस सोडून मला नऊ वर्षं झाली, फोल्कमारसाहेब. पण चार वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माझी बेल वाजवली होती.”