बाबांचं भाकीत

धाकट्यानं दारू सोडल्याचं सांगितलं तेव्हा आजारी बाबा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "एक दिवस तुझाही कोंबडा आरवेल. पुन्हा पिशील." आज बाबांच्याच अंत्यविधीला तो वेदीपुढे बहिणीशेजारी गुडघे टेकून होता. या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या विधीला खरी वाइन असे आणि सगळे एकाच प्याल्यातून घेत. प्याला जवळ आला तसा वास झोंबला. "ताई, कोंबडा आरवायच्या आत शिष्य पेत्र आपल्याला नाकारणार हे प्रभूनं आधीच सांगितलं होतं. मग बिचाऱ्याला दुसरा रस्ता होता का गं?" "सांगितलं होतं, ढकललं नव्हतं. गप्प बस," ती पुटपुटली. पण त्यानं प्यावं असंच तिला आतून वाटत होतं. निदान बाबांचा शब्द तरी खरा होऊन मागे उरला असता. पाळकांनी प्याला पुढे केला. धाकट्यानं हात छातीवर दुमडून नकारार्थी मान हलवली. प्याला तिच्याकडे सरकला. तिनं घोट घेतला. बाबा आता खरंच गेले होते.