कंट्रोलचा ठोकळा

"संपवा तो ठोकळा एकदाचा, ताई!" मोठे डॉक्टर लॅबच्या दारातूनच ओरडले. "जीव अडकलाय का तुमचा त्यात?"

ताईंनी मान वर केली नाही. काप काढायच्या यंत्राच्या पात्यापुढे मेणाचा ठोकळा होता, त्यात नखाएवढी गाठ उरली होती. कोणा बाईच्या स्तनातली. बाई केव्हाच गेली. गाठ मात्र मेल्यावरही लॅबची चाकरी करत राहिली.

चाकरी अशी : नव्या पेशंटच्या गाठीचा काप काचेवर ठेवायचा, शेजारी ह्या जुनीचा. जुनीत हर-टू हा प्रथिनाचा रेणू ठासून भरलेला. पेशीच्या अंगावर बसून तो आत एकच हुकूम सोडतो : वाढ, वाढ. रंग घातल्यावर जुनी तपकिरी झाली, तरच नवीचा निकाल खरा धरायचा. ह्यालाच कंट्रोल म्हणतात.

"दोन दिवसांत नवा ठोकळा येतोय," ताई म्हणाल्या. "तोवर थांबलं तर?"

"त्या पोरीचा नवरा सकाळपासून बाहेर बाकावर बसलाय. उद्या तिचा पहिला डोस. हर-टूचं औषध द्यायचं की नाही, ते आज कळायला हवं. आणि तुम्ही मेण जपत बसा! चिकटपणालाही हद्द असते."

घाई झाली की साहेबांना माणुसकी आठवते.

ताईंनी यंत्राचं चाक फिरवलं. शेवटचा काप कोमट पाण्यावर पडला आणि चुरगळला. कपाळावरची बट सारावी तसा त्यांनी तो ब्रशने सरळ केला.

संध्याकाळी दोन्ही काप तपकिरी झाले.

"रंग लागला! पोरीला औषध मिळणार," डॉक्टर सूक्ष्मदर्शकातून बघत म्हणाले. "आणि आपली म्हातारी बघा, शेवटपर्यंत इमानदार. हिच्या जिवावर किती जणी तरल्या असतील!"

"हिला मिळालं होतं औषध?"

"मिळालंच असणार. इतका ठळक हर-टू नजरेतून सुटतो होय?"

"तपासला तर नाही सुटत. हिचा तपासलाच नव्हता. वय झालंय, आता कशाला उगाच, म्हणाले. ती गेल्यावर कंट्रोल शोधताना सापडला."

"कोण गाढव म्हणालं असं?"

ताईंनी उरलेलं मेण कचऱ्यात टाकलं नाही. रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं.

"तुम्हीच, साहेब. असाच पर्समधून तपासायला आणला होता मी हा ठोकळा तुमच्याकडे. आई बाहेर बाकावर बसली होती."