तळहाताचा फोड

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत अधिकाऱ्याने खोक्याचं झाकण काढलं आणि तिला तिचे पणजोबा दिसले. म्हणजे त्यांची कवटी. साम्राज्याच्या फौजेने बंडखोर म्हणून त्यांची मान उडवली होती आणि मुंडकं अभ्यासासाठी बोटीने इकडे धाडलं होतं. कपाळावर शाईने नंबर, वर टेबलाला मारावं तसं चकचकीत वॉर्निश. आज ती त्यांना घरी परत न्यायला आली होती.

"त्या लोकांचा हेतू वाईट नव्हता हो," अधिकारी म्हणाला. "ज्ञानाची भूक होती त्यांना."

"भूक लागली म्हणून माणसाचं मुंडकं नेतात?" शेजारी उभे असलेले तिचे काका म्हणाले.

"इतकं एकांगी बघू नका. तळहाताच्या फोडासारखं जपलंय आम्ही. इथे नसते, तर केव्हाच मातीत गेले असते." मग त्याने तिच्यापुढे रबरी हातमोजे सरकवले. "हे घाला, ताई. हाताचा घाम लागला तर खराब होईल."

तिने हातमोजे तसेच परत सरकवले आणि उघड्या हातांनी पणजोबांना उचलून छातीशी धरलं.

"होऊ दे खराब," ती म्हणाली. "त्यांना मातीतच जायचं होतं. तुम्हीच वाट अडवून बसला होतात."