कडीत न मावलेले

रविवार, दोन नोव्हेंबर २०२५, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. शिरूर कासारच्या समाजमंदिरातल्या पाकवर्गात मुले अकरा आणि गुलाबजामचे कच्चे गोळे एकशे बत्तीस. आयटीआयमध्ये तीस वर्षे फिटर घडवून निवृत्त झालेल्या अनिल सरांनी एक पितळी कडी उंचावली.

"प्रत्येक गोळा हिच्यातून जेमतेम गेला पाहिजे. पाकात मुरल्यावर पुन्हा तपासू. पास झालेले तेवढे सभापती अर्जुनरावांच्या सत्काराला, नापास तुमच्या घरी. त्यांचा निरोपच आहे, बिनचूक माल पाठवा म्हणून."

शिवकन्या हिरमुसली. उद्या तिची आई ऊसतोडीला निघणार होती. लेकीच्या हातचा एक तरी गुलाबजाम आईने खाऊन जावे, एवढ्यासाठी ती आज आली होती.

"सर, माझा एखादा वाकडा झाला तर चालंल का?"

"मुळीच नाही. मन लावून कर."

दुपारी अर्जुनरावांचा गडी रविराज भलामोठा डबा घेऊन हजर झाला. सरांनी पहिला गुलाबजाम कडीवर ठेवला. तो अडला. दुसरा अडला, दहावाही अडला.

"एकबी जाईना की हो, सर! लई टम्म फुगलेत," रविराज कळवळला. "आता सायबाला काय सांगू?"

"नियम म्हणजे नियम, रविराज."

रिकामा डबा परत गेला आणि मुलांनी एकच गिल्ला केला. शिवकन्या हळूच सरांजवळ आली.

"सर, तळल्यावर फुगत्यात, हे तुमाला माहीत न्हवतं?"

सरांनी सावकाश चष्मा पुसला. "उष्णतेने वस्तू फुगते, हा तर आमचा पहिल्या वर्षाचा पहिला धडा."

मग त्यांनी वहीत नोंद केली: तपासले एकशे बत्तीस, पास शून्य.