मनासारखं हॉटेल

जॉर्डनमधल्या अकाबा शहरातल्या मोठ्या हॉटेलचा मॅनेजर मुतसिम स्वतः बाहेरगावी गेला, की हॉटेल निवडायची त्याची एकच कसोटी असे: काउंटरवरच्या माणसाने मान वर करता कामा नये. वर्षभर पाहुण्यांची सरबराई करून त्याला हसऱ्या स्वागताचाच वीट आला होता.

कराकमध्ये तसं हॉटेल सापडलं. म्हाताऱ्या मालकाने टीव्हीवरची नजर न हलवता किल्ली सरकवली. मुतसिम जाम खूश!

"नाव काय? कुणापैकी?" म्हाताऱ्याने विचारलं.

"मुतसिम. अबू नवाफचा पुतण्या."

म्हाताऱ्याने झटकन किल्ली मागे ओढली. "लाज नाही वाटत? सख्खा काका गावात असताना हॉटेलात झोपतोस?" आणि त्याने थेट काकालाच फोन लावला.

काका गाडी घेऊन हजर. घरी मन्सफचं, म्हणजे दह्यात शिजवलेल्या मटण-भाताचं, डोंगराएवढं ताट, त्यावर काकूचं "अजून एक घास, माझ्या गळ्याची शपथ!" मग पगार किती, पोट का सुटलं, याची चौकशी. आणि सकाळी 'झोप लागली का?' विचारायला अख्खं घर उशाशी.


अकाब्याला परतल्या परतल्या त्याने आपल्या हॉटेलच्या दारावरची पाटी उतरवली: 'इथे तुम्हाला अगदी घरच्यासारखं वाटेल.'