शहराचा झगा

"अहो मॅडम, कापा की एकदाचं! जीव घुसमटतोय," मी चौकातल्या चौथऱ्यावरून ओरडले.

गल्लोगल्लीच्या जुन्या कपड्यांचा हा झगा तेजलमॅडमनी आखला आणि मी शिवला. 'हेच आपलं शहर' म्हणून तो घालून दुपारभर उभं राहायचं होतं; तो सरकू नये म्हणून माझ्या बहिणीने पाठ माझ्या अंगावरच शिवली. पण कच्चा दोरा घालायचा सोडून बाईने सवयीने गोधडीसारखे दाट टाके घातले. आता उसवायला तास जाणार.

मॅडमनी कात्री लावली, तर गर्दीतून कुणी ओरडलं, "तो आमच्या अण्णांचा गिरणीतला सदरा आहे!" कात्री सरकली. "अहो, ते आमच्या पिंकीचं पहिलं झबलं!" कात्री पुन्हा सरकली. अख्खं शहर माझ्या अंगावर होतं आणि मला बाहेर पडायला बोटभर फट मिळेना.

"मग कुठं कापू, अक्का?" मॅडम रडकुंडीला आल्या.

मी डावा हात वर केला. काखेखाली, कुणाला दिसू नये अशी, एक उभी हिरवी पट्टी होती.

"इथं कापा. हे कुणाचंच नाही."

आईच्या लुगड्याचा माझ्याकडे तेवढाच तुकडा उरला होता.