चंद्रीचा कान

"आई, आधी ओटी, मग तबला," सून वृंदाने केतकीताईंना बजावलं. दवाखान्याच्या गोठ्यात तशी रीतच पडून गेली होती. ज्या शेळीच्या कानाची कूर्चा आपल्या सांध्यात बसवली, तिची ओटी भरल्याशिवाय कुणी घरी परतत नसे.

केतकीताईंच्या शेळीने, चंद्रीने, ओटीतले तांदूळ फस्त केले आणि मग खणही चावायला घेतला. तिचा डावा कान अर्धाच होता. दुसरा अर्धा ताईंच्या तर्जनीत होता. कित्येक वर्षं आखडलेलं ते बोट आता छान वाकत होतं. पण वाजेल का? पहिला बोल हिलाच ऐकवायचा, म्हणून ताईंनी अजून तबल्याला हात लावला नव्हता.

चंद्रीने तबल्याची पुडी हुंगली आणि ती झटकन मागे सरली.

"घाबरली का गं ही?"

"आई, पुडी शेळीच्या कातड्याची असते ना?"

ताईंची हयात त्या कातड्यावर गेली होती, पण ते कातडं आहे हे त्यांना आज पहिल्यांदा दिसलं. त्यांनी तबला पिशवीत घातला, पाण्याची बादली पालथी केली आणि तर्जनी उचलली.

बादलीवर 'ना'चा बोल खणखणीत वाजला.

चंद्रीने कान टवकारले. एक अख्खा आणि एक अर्धा.